माळशेजच्या धुक्यात चार नंबर

"पितृपक्षात कोण घाट चढायला जातं?" आईने विचारलं. तिला खरं विचारायचं होतं ते वेगळंच होतं, पण ते आमच्या नाहूरच्या घरात वर्षभर कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. मागच्या वर्षी बाबांच्या हृदयात स्टेंट बसवला. त्यानंतर सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हळूहळू सायकल चालवायला परवानगी दिली आणि आमच्या पिताश्रींनी 'हळूहळू' हा शब्द सोडून बाकी सगळं ऐकलं. आधी पवईपर्यंत, मग येऊरपर्यंत आणि आता थेट माळशेज! वय एकसष्ट.

पितृपक्षाचं कारण अगदी साधं होतं. त्या पंधरवड्यात खोल्या रिकाम्या असतात आणि स्वस्त मिळतात. सप्टेंबर संपत आला की पाऊस येतो-जातो आणि घाट अजून हिरवा असतो. डॉक्टरांनी "दमलात की थांबा, काही वाटलं की लगेच सांगा" असं बजावून हो म्हटलं होतं. आईने मात्र मला स्वयंपाकघरात बोलावून तिची अट घातली. "तू त्यांना एक मिनिट नजरेआड करायचं नाहीस. एकदा जरी काही झालं ना, ती सायकल मी भंगारात घालणार." बाबा निवृत्तीनंतर जे काही माणसासारखे हसतात-बोलतात, ते या सायकलमुळे. त्यामुळे ही धमकी मला त्यांच्यापेक्षा जास्त लागली.

आम्ही पाच जण. भांडुपचा सचिन म्हणजे आमचा म्होरक्या. घाटकोपरचा जिग्नेश, जो सायकल कमी आणि तोंड जास्त चालवतो. माहुलची सुरेखा, कोळीण, पहाटे मासळीच्या पाट्या उचलणारी बाई, तिला चढ म्हणजे काही वाटतच नाही. मग बाबा आणि शेवटी मी. सर्वांत मागे राहून कुणी मागे पडत नाही ना हे बघायचं काम माझं. मला हे काम बाबांमुळेच मिळालं होतं.

आमच्या ग्रुपची एक पद्धत आहे. प्रत्येक थांब्यावर सचिन ओरडतो, "गिनती!" आणि प्रत्येकाने आपला नंबर बोलायचा. सचिन एक, जिग्नेश दोन, सुरेखा तीन, बाबा चार, मी पाच. पण बाबांनी तीस वर्षं कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या मशीनजवळ काढलीत. वाऱ्यात त्यांना काही ऐकू येत नाही. "तीन"नंतर नुसती शांतता पसरायची, मग मी एका दमात "चार-पाच" म्हणून टाकायचे. जिग्नेश चिडवायचा, "काकांची रिसेप्शनिस्ट आली." सगळे हसायचे, मीही हसायचे. आठ महिने दर रविवारी हेच चाललं होतं.

पहिला दिवस: मुलुंड ते टोकावडे, साधारण ऐंशी किलोमीटर

पहाटे पाचला मुलुंड चेकनाक्यावर भेटलो. ठाणे, भिवंडी बायपास आणि कल्याणपर्यंतचा पट्टा उजाडायच्या आत उरका, असं मी कुणालाही सांगेन. सातनंतर तिथे कंटेनर सुरू होतात आणि खड्डे चुकवावेत की ट्रक चुकवावेत ते कळत नाही. शहाड ओलांडल्यावर जीव जरा थाऱ्यावर येतो. मुरबाडला मिसळ खाल्ली, साठ रुपये प्लेट, पाव मागाल तेवढे. तोपर्यंत लख्ख ऊन होतं. सरळगावच्या पुढे पाच मिनिटांत आभाळ काळं झालं, चिंब भिजलो आणि टोकावड्याला पोचेपर्यंत पुन्हा घामाघूम.

बाबा झकास चालले होते. मी मात्र दिवसभर त्यांच्या पाठीकडे बघत होते. त्यांचे खांदे जरा जास्त हलले की मला वाटायचं दम लागला, आणि ते शिट्टी वाजवायला लागले की वाटायचं, दम लागलाय हे लपवतायत. आजूबाजूला भातखाचरं होती, डोंगर होते, पुलाखाली तांबडी नदी होती. फोटो सचिनने काढलेत, तुम्ही त्यात बघा. मी काही पाहिलं नाही.

एका घरगुती खानावळीच्या वरच्या दोन खोल्या मिळाल्या, माणशी चारशे, जेवणासकट. जेवताना बाबांनी नाचणीच्या दोन भाकऱ्या हाणल्या. "माका काय झाला नाय गो," ते म्हणाले. मी काही विचारलंही नव्हतं.

दुसरा दिवस: घाट

सकाळी निघालो तेव्हा समोरचे कडे स्वच्छ दिसत होते, धबधब्यांच्या रेघा मोजता येत होत्या. सचिनने सांगितलं, "दहा-बारा किलोमीटरची चढण. कुणी हिरोगिरी करायची नाही. बोगदा ओलांडला की थांबायचं." सगळ्यांनी मागचे लाल दिवे लावले. हे दिवे आम्ही एकाच दुकानातून, एकदम पाच घेतले होते, म्हणून थोडे स्वस्त पडले.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर ढग खाली उतरला. धुकं आलं की दिसेनासं होतं हे मला माहीत होतं. पण दोन हातांवरचा रस्ता गायब होतो आणि आवाज कुठून येतोय तेही कळत नाही, हे माहीत नव्हतं. वरून ट्रक उतरत होते. हॉर्न ऐकू यायचा, मग बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम कानाशी टायर. त्यातच पाऊस सुरू झाला. चार-पाच ट्रक एकापाठोपाठ आले तेव्हा मी अगदी कठड्याला लागून उभी राहिले. ते गेल्यावर पुढे लाल दिवा लुकलुकताना दिसला. बाबा चाललेत, असं म्हणून मी त्याच्या मागे निघाले. त्या दिव्यावरची नजर मी एकदाही हलवली नाही.

बोगदा आला, गेला. पलीकडे पाऊस आडवा लागत होता. सगळे रेनकोटच्या टोप्या ओढून, माना खाली घालून उभे. सचिन ओरडला, "गिनती! एक!"

"दोन!"

"तीन!"

"चार-पाच!" मी म्हणाले.

"चला!"

पुढे चढ संपेपर्यंत आणि पठारावरून खुबी फाट्यापर्यंत मी त्याच दिव्यामागे होते. फाट्यावरच्या टपरीत शिरलो, जिग्नेशने पाच चहा सांगितले. चहावाल्याने पाच ग्लास ओळीने ठेवले. सुरेखाने सायकल टेकवली, तिचा लाल दिवा लुकलुकत होता. चौघांनी चार ग्लास उचलले. पाचवा तसाच राहिला.

"काका कुठायत?" सुरेखाने विचारलं.

सचिन म्हणाला, "अरे, बोगद्याजवळ होते की. गिनतीला..." आणि तो थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. चार कोण म्हणालं, ते आता सगळ्यांनाच आठवलं होतं. माझ्या मनात इतकंच आलं की मी ज्या दिव्याला बाबा समजत होते तो सुरेखाचा होता, आणि बाबांना मी कधी मागे टाकलं ते मला माहीतच नाही.

फोन लावला, लागेना. घाटात रेंजच नाही. जिग्नेश त्याच्या फोनवरून पुन्हा पुन्हा बाबांचा नंबर लावत होता. मी सायकल वळवली. सचिन म्हणाला, "तू थांब, मी जातो." मी त्याच्यावर ओरडले, "माझे बाबा आहेत ते!" मग आम्ही दोघंही निघालो. सुरेखा आणि जिग्नेश फाट्यावर थांबले, मागे पाठवायला गाडी शोधत.

ओल्या रस्त्यावर उतरताना ब्रेक धरत नाहीत, हे कुणीही सायकलवाला सांगेल. मी एक पाय घासत उतरत होते. बोगदा उलटा पार केला. प्रत्येक वळणावर थांबून "बाबा!" म्हणून हाक मारायची, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला आपण हाका मारतोय हे कळून आणखी जोरात ओरडायचं, असं चाललं होतं. खालून एक एसटी हळूहळू वर येत होती. सचिनने हात करून थांबवली.

"दादा, सायकलवाले काका दिसले का? पिवळा रेनकोट?"

ड्रायव्हरने खिडकीतून वाकून सांगितलं, "खाली दोन वळणांवर एक सायकल आहे कठड्याला लावलेली. माणूस नाय बघितला."

ती दोन वळणं मी कशी उतरले ते मला आजही आठवत नाही. सायकल होती. बाबांचीच. कठड्याला नीट टेकवलेली, हँडलला हेल्मेट अडकवलेलं आणि मागचा लाल दिवा बंद. मी कठड्यावरून खाली वाकले. खाली फक्त पांढरं होतं. सचिनने माझा दंड घट्ट धरला होता आणि तो काय बोलत होता ते मला कळत नव्हतं. आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. त्या क्षणीही मला स्वतःचीच पडली होती, याची मला आज लाज वाटते.

"ओ ताई! ते हिकडं आहेत!"

रस्त्यापलीकडे, कातळाला लागून, निळ्या प्लास्टिकखाली कणसं भाजणारी एक बाई उभी होती. तिच्या शेगडीपाशी, तिचीच शाल पांघरून, बाबा खोक्यावर बसले होते. चेहरा उतरलेला, पण बसलेले, जिवंत. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले आणि रडता रडताच त्यांना शिव्या घातल्या.

"पंक्चर झाली," ते म्हणाले. "थांबलो. म्हटलं, येशील परत."

सचिन गाडी येतेय का बघायला रस्त्यावर गेला. बाबा रेनकोट चढवत असताना बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "छातीला हात धरून बसले होते हो. जिभेखाली गोळी ठेवली त्यांनी. मी म्हटलं, गाडी थांबवते, तर नको म्हणाले." मी सायकलकडे गेले आणि दोन्ही टायर दाबून बघितले. दगडासारखे कडक होते.

मी वळले तेव्हा बाबा माझ्याकडेच बघत होते. "आईला सांगू नको," ते म्हणाले. "तू मला मागे टाकलंस ते मी सांगत नाही. तू हे सांगू नको."

सुरेखाने पाठवलेला भाजीचा रिकामा पिकअप आला, पाचशे रुपयांत आम्हाला वर घेऊन गेला. गाडी मी ओतूरच्या दवाखान्यात न्यायलाच लावायला हवी होती. मी तसं म्हटलंही, पण बाबा "मी आता एकदम ठीक आहे, उगाच तमाशा नको" म्हणाले आणि मी ऐकलं. ऐकलं, कारण दवाखान्यात गेलो असतो तर आईला कळलं असतं, आणि मग माझं "चार-पाच"ही कळलं असतं. हे लिहायला सोपं नाही, पण घाटात घडलेली सगळ्यात मोठी चूक हीच आहे. पहिली चूक सवयीने झाली होती, ही मी समजून उमजून केली.

पठारावर दुपारी लख्ख ऊन पडलं. धरणाचं पाणी, पलीकडे हरिश्चंद्रगडाचे कडे, सगळं इतकं सुंदर होतं की मला राग आला. त्या रात्री पठारावरच्या मुक्कामाच्या खोलीत मी झोपले नाही, त्यांचा श्वास ऐकत पडले.

तिसरा दिवस आणि घर

सचिन, जिग्नेश आणि सुरेखा सायकलने उतरले. मी बाबांना घेऊन पिकअपने थेट नाहूर गाठलं, दोन सायकलींसकट साडेतीन हजार.

आईने दार उघडलं, दोघांना बघितलं आणि विचारलं, "गाडीने का आलात?" बाबा म्हणाले, "पंक्चर." मग ते आंघोळीला गेले. मी ओट्याशी उभी राहिले आणि आईला सांगितलं, "मी त्यांना घाटात मागे टाकलं. पाऊण तास ते कुठे होते ते मला माहीत नव्हतं. माझी चूक आहे. ते का थांबले, ते तू त्यांनाच विचार. उद्या सकाळी पहिली डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे, आज मिळाली तर आजच."

आई माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. तिने गॅस बंद केला, फोन उचलला आणि डॉक्टरांना लावला. संध्याकाळची वेळ मिळाली.

आता ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांच्यासाठी. रस्ता चांगला आहे, खाणं स्वस्त आहे, सप्टेंबरात निघणार असाल तर घाटात सकाळी नऊच्या आत शिरा आणि धुकं आलं तर खुशाल परत फिरा. प्रत्येकाचा मागचा दिवा वेगळ्या रंगाचा घ्या. आणि ज्याचा नंबर त्यानेच बोलायचा, ऐकू येत नसेल तर समोर जाऊन, खांद्याला हात लावून विचारायचं. आमच्या ग्रुपने हे आता पक्कं केलंय. बाबांच्या आणखी तपासण्या व्हायच्यात, तोवर सायकल गॅलरीत उभी आहे. भंगारात गेलेली नाही. आई रोज तिच्यावरून फडकं फिरवते, पण का, ते सांगत नाही.

माझ्याजवळ राहिलं ते मात्र घाटातलं नाही, त्या संध्याकाळचं आहे. डॉक्टरांनी कागद बघितले, बीपी घेतलं आणि बाबांना विचारलं, "घाटात काही त्रास झाला का?"

पंखा घरघरत होता, बाबांना ऐकू गेलं की नाही कळेना. आईने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड उघडलंही होतं. मी ते मिटलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. डॉक्टर पुढे वाकले आणि त्यांनी पुन्हा, मोठ्याने विचारलं. बाबा आधी माझ्याकडे वळले, मी बोलते का ते बघायला. मी जमिनीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा पंक्चर येणार.

"झाला," बाबा म्हणाले. "छातीत भरून आलं. खूप घाबरलो. आणि पोरीशी खोटं बोललो."