दोन गाड्या आणि एक पाय

त्या दीड महिन्यात मी ऑफिसच्या टेबलाखाली डाव्या पायानं गिअर टाकत होते. वर हातात कालव्याचा नकाशा, खाली पाय चालू. एक खाली, बाकीचे वर. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी शेवटी विचारलं, "पायाला मुंग्या येतात का हो तुमच्या?" मी हो म्हणाले. खरं सांगितलं असतं तर डबे उघडायच्या आत अख्ख्या मजल्याला कळलं असतं, की ही बाई बेचाळिसाव्या वर्षी मोटरसायकल घ्यायला निघालीय. आणि तीही साधी नाही, चारशे सीसीच्या घरातली.

मी एका सरकारी कार्यालयात आरेखक आहे. कालवे, मोऱ्या, बंधारे यांचे नकाशे काढते. घरापासून ऑफिस सहा किलोमीटर. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आणि ही एकोणीस वर्षं नवरा मला रोज स्कूटरवरून सोडतो. त्याची शाळा बरोबर उलट्या दिशेला आहे, तरी सोडतो. "मी आहे की सोडायला," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माणूस इतका भला असला की त्याच्याशी भांडायला तोंड कुठून आणायचं!

पण मला त्या मागच्या सीटचा वीट आला होता. साडी होती म्हणून सुरुवातीला एका बाजूला पाय सोडून बसायचे. पुढं पंजाबी ड्रेस आला, तरी बसायची रीत तीच राहिली. असं बसलं की फक्त डावी बाजू दिसते. सायकलचं दुकान, टॉवेलच्या कारखान्याचं फाटक, कडक भाकरीची पाटी, गटाराची कड. जाताना एक डावी बाजू, येताना दुसरी. समोर काय येतंय ते नवऱ्याला माहीत. त्यानं ब्रेक मारला की मला कळायचं, काहीतरी आलं.

गाडी मला येत नव्हती असंही नाही. माझं माहेर श्रीपूरचं, वडील, म्हणजे अण्णा, साखर कारखान्यात फिटर. गाळप संपलं की बैलगाड्या उभ्या करायचा गाडीतळ मोकळा पडायचा. त्या मोकळ्या मैदानात अण्णांनी मला दहाव्या वर्षी आपली मोटरसायकल शिकवली. माझे पाय जमिनीला पोचत नव्हते. मग अण्णा गाडी धरून उभे राहायचे, मी बसायचे, ते सोडून द्यायचे. थांबायचं झालं की मी त्यांच्याभोवती गोल गोल हळू फिरायचे आणि ते पळत येऊन हँडल धरायचे. त्यांनी धरेपर्यंत मला थांबता यायचं नाही. तेराव्या वर्षी माझी उंची वाढली, चवडे टेकायला लागले. आता थांबताही येतंय म्हणून मी हरखून गेले, आणि त्याच उन्हाळ्यात वसाहतीतल्या लोकांनी अण्णांचे कान भरले. "बास आता," अण्णा म्हणाले. बास म्हणजे बास. पाय टेकले आणि गाडी सुटली.

मागच्या वर्षी मी गिअरच्या गाडीचं लायसन काढलं. घरी सांगितलं, स्कूटरसाठी काढलंय. माहेरी गेले की भावाची जुनी गाडी घेऊन टेंभुर्णीच्या रस्त्यानं लांबवर जाऊन यायला लागले. भाऊ पेट्रोल भरून ठेवायला लागला. मग एके दिवशी मी सरळ नवऱ्याला सांगितलं की मला मोटरसायकल घ्यायचीय. तो हसला. मी हसले नाही. मग तो म्हणाला, "बघू या की."

तर दोन गाड्या होत्या. दोन्ही नेकेड जातीच्या. हा शब्द पहिल्यांदा घरात उच्चारला तेव्हा नवऱ्यानं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं. अर्थ एवढाच, की पुढं काच नाही, बाजूनं झाकणं नाहीत, इंजिन उघडं आणि वारा थेट छातीवर. एक राखाडी होती. जड, बुटकी, कमी वेगातही न गुरगुरता ओढणारी. दुसरी लाल. उंच, हलकी, आणि मूठ जराशी पिळली की म्हणे मागून कुणी धक्का दिल्यासारखी सुटणारी.

होटगी रस्त्यावरच्या राखाडीच्या शोरूममध्ये पोरानं किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली. "मॅडम मागं बसून बघतील ना, सर?" मी किल्ली त्याच्या हातातून काढून घेतली. परत येईपर्यंत माझे कान गरम होते. गाडी उत्तम होती. खड्डे गिळत होती, वळणावर हलत नव्हती. थांबवली तेव्हा दोन्ही चवडे टेकले. सगळं नीट झालं आणि माझ्या आत काहीच झालं नाही. शहाणी गाडी. स्थळ म्हणून आली असती तर सगळ्या नातेवाइकांनी होकार दिला असता.

लालच्या शोरूममध्ये मी नुसती बसले, तर बोटं अधांतरी. तिथला माणूस हळूच म्हणाला, "मॅडम, हाइटचा प्रॉब्लेम होतो." राइड द्यायला तो तयार नव्हता. मी उतरले, पण तिच्याकडे पाठ करून बाहेर पडताना मान आपोआप वळली.

मग मी माझ्या पद्धतीनं केलं. भिंतीला पाठ लावून, पायांमध्ये पुस्तक धरून स्वतःचं माप घेतलं. आलेखाच्या कागदावर दोन्ही गाड्या समोरून काढल्या, एकास दहा प्रमाणात, आणि दोन्हींवर स्वतःला बसवलं. राखाडीवर चवडे टेकत होते. लालवर दोन्ही पायांखाली अडीच सेंटिमीटर पोकळी. पुन्हा काढलं. पुन्हा अडीच. मी काढलेल्या नकाशावरून शेतात पाणी जातं, त्यामुळे माझ्या रेघेवर माझा विश्वास. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, तरी दिवसातून चारदा उघडून बघायचे. जणू घडीत पाय वाढणार होते.

अण्णांना फोनवर सांगितलं. मला वाटलं, रागावतील. ते ऐंशीच्या घरात आहेत, आता रागवायचा कंटाळा करतात. त्यांनी एकच विचारलं, "पाय टेकत्यात का गं?"

"एकीवर टेकतात. दुसरीवर नाही."

"मंग टेकत्यात ती घे. पाय न्हाय टेकलं तर पडशील की. लई जड आस्त्यात त्या."

सगळ्यांचं एकमत झालं. नवरा म्हणाला, अंथरूण पाहून पाय पसरावेत. राखाडी रविवारी बुक करायची ठरली. आणि माझं डोकं फिरलं. भाजीत मीठ दोनदा पडलं, एका मोरीचा छेद मी उलटा काढला, नवऱ्यानं विचारलं "काय झालं?" तर त्याच्या अंगावर गेले. जिच्यावर पाय टेकतात तीच घ्यायची, तर मग गाडी घ्यायचीच कशाला? पाय जमिनीवर ठेवून बसायला घरात खुर्ची आहे. पण कागद खोटं बोलत नव्हता. राग यायचा तो त्या अडीच सेंटिमीटरचा.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एकटी, रिक्षानं, लालच्या शोरूममध्ये गेले. का गेले, मलाच माहीत नव्हतं. शेवटचं बघायला म्हणू या. विक्रीचा माणूस जेवायला गेला होता. मागच्या वर्कशॉपमधून एक म्हातारे मेकॅनिक हात पुसत आले. माझ्याहून दोन बोटं बुटके. मी गाडीवर बसून ताठ, दोन्ही पाय ताणून जमीन शोधत होते. ते थोडा वेळ बघत राहिले.

"आपा, दोनो पैर कायकू टेकते?"

"मग पडेन की."

"बीच में बैठे तो गिरतेच. उतरो तुम."

ते स्वतः चढले, मागच्या आवारात गाडी नेली, वळवली आणि माझ्यासमोर आणून थांबवली. थांबता थांबता त्यांचं सगळं अंग सीटवरून डावीकडे सरकलं, अर्धी मांडी बाहेर आली आणि डावा पाय सपाट जमिनीवर. टाचेसकट. उजवा पाय वरच, ब्रेकवर.

"एकीच पैर बस होता. दुसरे कू काम है ना, ब्रेक पे."

मी पर्समधून कागद काढला. त्यात मी मधोमध बसले होते, ताठ, दोन्ही पाय सारखे लांब केलेले. रेघा बरोबर होत्या, मापं बरोबर होती. फक्त त्या कागदावरची बाई हलत नव्हती. बसवली तिथं बसून राहिली होती. मला हसू आलं. मी कागद परत ठेवून दिला.

मग त्यांनी मला आवारात फिरू दिलं. पहिल्यांदा थांबताना मी सरकायला उशीर केला, गाडी कलली. अण्णा असते तर धावले असते. हे हात मागं बांधून उभे होते. "अब्बी खिसको," एवढंच म्हणाले. मी सरकले. पाय लागला. गाडी उभी राहिली. तसं मी दहा-बारा वेळा थांबले. चालवण्यापेक्षा थांबण्यातच मला मजा येत होती. जेवून आलेल्या विक्रीच्या माणसानं ते बघितलं आणि टेस्ट राइडचा फॉर्म पुढं केला.

संध्याकाळी नवरा पेपर तपासत बसला होता. मी म्हणाले, "लाल घेणार."

"आणि पाय?"

"एक टेकतो."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मी सोडतो ते तुला आवडत नाही का?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं. त्याच भीतीनं मी दीड महिना दोन गाड्यांची मापं काढत बसले होते. तुलना चालू होती तोवर हे बोलावं लागत नव्हतं. मी म्हणाले, "तुम्ही हवे आहात. मागची सीट नको. एकोणीस वर्षं मी रस्त्याची डावी बाजू बघतेय. समोरचं मला काही दिसलेलंच नाही."

तो पेपरांचा गठ्ठा सारखा करत राहिला. मला वाटलं, दुखावला. दुखावलाच होता. दुसऱ्या दिवशी सोडायला निघालो, तर पहिल्या चौकात तो मान न वळवता म्हणाला, "समोर उसाचा ट्रॅक्टर आहे. दोन ट्रॉल्या." पुढच्या चौकात, "समोर शाळेची रिक्षा. पोरं लोंबकळतायत." ऑफिसपर्यंत तो मला समोरचं सांगत गेला. मला आधी राग आला, मग रडू. ऑफिसच्या दारात उतरले तेव्हा ओढणीनं डोळे पुसत होते, आणि वॉचमनला वाटलं धूळ गेली.

लाल गाडी घरी आली. पहिल्या सोमवारी मी हेल्मेट घालून अंगणात आले, तर नवऱ्यानं सवयीनं स्कूटर बाहेर काढून, माझ्या बाजूचं पायाचं फूटरेस्ट उघडून ठेवलं होतं. माझ्याकडे बघून त्यानं ते पायानं मिटवलं. "मग मी जातो शाळेत," म्हणाला. मला फार वाईट वाटलं. तरी मी किल्ली फिरवली.

सात रस्त्याला सिग्नल लाल झाला. मागं बस, शेजारी टेम्पो. मी सरकले. डावा पाय खाली गेला आणि बरोबर चेंबरच्या झाकणाशेजारच्या सपाट चौकोनावर पडला. इकडं चार बोटांवर खड्डा, तिकडं फुटका कठडा. मी खाली बघितलंसुद्धा नव्हतं. ती जागा मला पाठ होती. त्या बाजूचा सगळा रस्ताच मला पाठ होता. समोर बघितलं, तर गळका पाण्याचा टँकर उभा होता.

ऑफिसच्या आवारात गाडी लावली आणि तिथूनच अण्णांना फोन केला. माझा आवाज ऐकून त्यांनी बाकी काहीच विचारलं नाही.

"पाय टेकत्यात का?"

"एक टेकतो, अण्णा."

"आन् दुसरा?"

"दुसरा ब्रेकवर."

मग अण्णा म्हणाले, "म्हंजी धराया कुनी लागत न्हाई."

"नाही लागत."

"मंग तवा मी उगंच बास म्हनलो गं."