भोंगा नसलेला दिवस

मळीचा आंबूस वास आला की मला इंदापूरकडची आमची साखर कारखान्याची चाळ आठवते, पस्तीस-छत्तीस सालची. भोंग्यानंतर पोचलेल्या कामगाराला साहेब फाटकातूनच परत लावायचा. त्या दुपारी हंगाम संपून भोंगा बंद झालेला, कारखान्यात कामाला असलेले आमचे वडील, दादा, कधी नव्हे ते आमच्यासोबत निवांत जेवत होते. दारात धाकट्या भावानं पिंपळपानाची पिपाणी वाजवली. दादा घास टाकून उठले, खरकट्या हातानंच सदरा चढवू लागले. "अवं, भोंगा न्हाय त्यो, पोरगं हाय," आई म्हणाली. "फाटक लावत्याल," एवढंच ते म्हणत राहिले. बटणं काही लागेनात. भावानं पिपाणी गुपचूप चुलीत टाकली. त्यानंतर आमच्या घरात कुणी शीळसुद्धा घातली नाही. आता सून कुकर आणू म्हणते, मी नको म्हणते. तिला वाटतं, मला त्यातला भात आवडत नाही.