बिशेन्ताच्या दारावरचं फूल

बिशेन्ताने सकाळी दार उघडलं आणि तिच्या हातातली दुधाची किटली धाडकन खाली पडली. समोर, तिच्याच अंगणातल्या तिपाईवर, शेजारचा एरामुन उभा होता. सत्तरी उलटलेला, जन्माचा ब्रह्मचारी, दातांत खिळा, हातात पक्कड. अजून नीट उजाडलंही नव्हतं.

विधवेच्या दारात पहाटे परपुरुष! बास्तानच्या खोऱ्यात एवढ्या भांडवलावर लोकांचा अख्खा हिवाळा निघाला असता. पण बिशेन्ताचं तिकडे लक्षच नव्हतं. तिची नजर खिळली होती ती एरामुनच्या काखेत. तिथे तिचं फूल होतं.

डोंगरमाथ्यावर जमिनीला चिकटून उगवणारं बशीएवढं रुपेरी काटेफूल. वाळवून ते दारावर ठोकलं, की रात्री आलेल्या चेटकिणीला त्याचे केसर मोजत बसावं लागतं, आणि मोजणी संपायच्या आत उजाडतं. गावात एकही दार त्याच्याविना नाही. पण बाकीच्यांची फुलं दोनेक वर्षांत झडून टकली होतात. बिशेन्ताचं मात्र लग्नाच्या वर्षी लावलेलं, चाळीस वर्षं जसंच्या तसं. ते तिने चुलीच्या धुराड्यावर वाळवलं होतं; गावातल्या प्रत्येक नव्या सुनेला ती तसंच शिकवायची, आणि फूल झडलं की त्या सुनेची झडती घ्यायची. आज तिची नात ग्राशियाना नवऱ्या मुलाला घेऊन येणार होती. नव्या घरासाठी तिला आजीचं हेच फूल हवं होतं, दुसरं नको.

"मेल्या, चोरा! माझ्या नातीचं फूल पळवतोस?"

"हळू बोल गं. चोरतोय कुठे? लावतोय." एरामुनने पिशवीतून दुसरं फूल काढलं. भरगच्च, रुपेरी, हुबेहूब तसंच. काखेतल्याचा मधला भाग मात्र कालच पाखरांनी टोचून पार उजाड केला होता.

"हे कुणाचं?"

"तुझंच."

"आणि ते?"

"तेपण तुझंच. म्हणजे, गेल्या वर्षीचं."

बिशेन्ताने दोन्ही फुलं आळीपाळीने न्याहाळली.

एरामुन तिपाईवरून उतरला आणि त्याने तिलाच तिपाईवर बसवलं. "तुझं लग्न झालं त्या हिवाळ्यात तू माहेरी गेलीस आणि इकडे फूल गळालं. सगळं. तुझा मात्तिन म्हणाला, ती परत येऊन रडेल. त्याने दुसरं लावलं. तू आलीस ती दारातूनच गावाला ओरडून सांगत सुटलीस, बघा माझं फूल! मग बोलायची सोय कुठे राहिली? दर वर्षी नवं आणायचा बिचारा. वर मेंढ्यांच्या खोपटात, सावलीला, नेच्याच्या पाल्यावर पालथं घालून वाळवायचा. चुलीवर ते करपतं, बिशेन्ता. जायच्या आधी मला सांगून गेला, आता तू बघ."

"म्हणजे मी सगळ्यांना चुकीचं शिकवलं?"

एरामुन आकाशाकडे बघू लागला.

"कुणाकुणाला माहीत आहे हे?"

"कुणाला माहीत नाही ते विचार, लवकर आटपेल."

या गावात कुणाच्या घरी काल रात्री भांडण झालं ते सकाळच्या पावाआधी घरोघर पोचतं. आणि हे चाळीस वर्षं कुणी तोंडातून काढलं नाही? तिने पाद्र्याच्या बहिणीला 'तुझे हात उष्ण, फूल टिकणार कसं' म्हणून सुनावलं होतं. गिरणीवाल्याच्या बायकोला भर देवळात आळशी म्हटलं होतं. दोघी मान डोलावून म्हणाल्या होत्या, "हो, बिशेन्ता."

"कसे गप्प राहिले रे सगळे?"

"सुरुवातीला मात्तिनच्या शब्दाखातर. त्याने सफरचंदाची सायडर पाजून एकेकाला शपथ घातली होती. नंतर काय," एरामुनने मिशीतल्या मिशीत हसू दाबलं, "तुझं ऐकायला मजा यायची ना गं."

"तोही हसायचा?"

"नाही. तो नाही. वाटेत कुणाला दिसू नये म्हणून फूल सदऱ्याच्या आत, छातीशी धरून उतरायचा. काटे टोचायचे."

दर शरदात नवऱ्याच्या छातीवर ओरखडे असायचे. तांबडी मेंढी अंगावर आली, असं तो सांगायचा. बिशेन्ता मलम लावायची आणि मेंढीला शिव्या घालायची. एके वर्षी तर हट्टाने ती मेंढी विकायला लावली होती.

"अरे देवा," ती पुटपुटली. "ती बिचारी मेंढी!"

आणि तिने कमरेच्या एप्रनमध्येच तोंड खुपसलं. हसत होती की रडत, ते एरामुनने कुणाला सांगितलं नाही. आणि तोही याच गावचा माणूस! उजाड फूल मात्र तिने त्याच्या काखेतून काढून घेतलं, आत नेलं आणि पलंगाशेजारी ठेवलं; नवं त्याने दारावर ठोकलं.

दुपारी ग्राशियाना आली. सगळं गाव अंगणात, चेहरे अगदी सोज्वळ. बिशेन्ताने दारावरचं फूल उतरवलं, सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चाळीस वर्षं! एक केसर हलला नाही!"

"हो, बिशेन्ता," गाव म्हणालं.

मग तिने नवऱ्या मुलाला, पाम्पलोनाहून आलेल्या उनायला, कोपऱ्यात ओढलं. "ऐक. येत्या शरदात एरामुनबरोबर डोंगरावर जायचं. कशाला ते तो सांगेल. आणि हिला..."

"कळू द्यायचं नाही, माहीत आहे आजी," उनाय हळूच म्हणाला. "मला साखरपुड्यालाच गावाने सांगून ठेवलंय."

परगावच्या पोरालासुद्धा! बिशेन्ता पुन्हा तिपाईवर बसली. मग म्हणाली, "जाशील तेव्हा जाड सदरा घाल."