फेटा आणि आठ पिल्लं

आमच्या घराच्या तीन बाजूंनी ऊस आहे. चौथ्या बाजूला रस्ता, तो मलकापूरवरून कराडात जातो. अशा जागी कोंबडीचं पिल्लू पाळायचं तर ते हाकेला आलंच पाहिजे. उसात शिरलं की ते मुंगसाचं.

मी चौथीपर्यंत शिकलो, पण कोंबड्या पन्नास वर्षं धरल्या. कोंबडी कशी धरायची हे मला कुणी सांगावं, असं वाटायचं काही कारण नव्हतं. सांगितलं ते सुनेनं, आणि तेव्हा तिच्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते.

सून कवठे महांकाळच्या बाजूची. मुलगा फौजेत. लग्नानंतर महिनाभर राहिला आणि सुट्टी संपली तसा गेला. घरात राहिलो मी, म्हातारी आणि ही पोर. माझा आवाज मोठा. बैलाला बोलायचो तसाच माणसांना बोलत आलो. सून खाली बघून "व्हय मामा" म्हणायची, त्याच्यापुढं तिचा शब्द मी ऐकला नव्हता. मला वाटायचं, पोर वळणाची आहे. घाबरते, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिल्यांदा माहेरी जाऊन आली तेव्हा तिनं पत्र्याच्या डब्यात, कोंड्यात घालून गावरान अंडी आणली. एस.टी.त साऱ्या वाटेनं तो डबा मांडीवर धरला होता म्हणे. आमच्या खुडूक कोंबडीखाली ती ठेवली. नऊ पिल्लं निघाली. आठवडा झाला असेल, कोंबडी बांधाला चरायला गेली आणि मुंगसानं तिलाच नेलं. पिल्लं बांबूच्या डालग्याखाली झाकलेली होती म्हणून वाचली. तेव्हापासून ती पोर आणि ती नऊ पिल्लं. काम आवरलं की डालग्याजवळ जाऊन बसायची.

एके दिवशी दुपारी मला परसात ज्वारीचं पोतं पसरायचं होतं. डालगं आडवं आलं. मी ते उचललं आणि वरून हात घातला, नेहमी घालतो तसा. पिल्लं ओरडत एका कोपऱ्यात जाऊन एकमेकांवर चढली. मुठीत येतील तेवढी उचलली. ढिगाच्या तळाशी एक चपटं होऊन पडलं होतं.

"नवात एखादं जायचंच," मी म्हणालो.

सुनेनं ते पदरात घेतलं आणि शेवग्याच्या बुडाशी पुरलं. त्या दिवशी जेवलीही नाही. तिसऱ्या दिवशी मी गोठ्यात धार काढत होतो, तर पत्र्यापलीकडं तिचं फोनवर बोलणं कानावर आलं.

"आप्पा, मला न्यायला या. न्हाई, कुणी मारत न्हाई. खायला लय हाय. पण हितं मन लागंना माजं. हे येईपर्यंत तिकडंच ऱ्हाते. येत्या रविवारी या."

पोरगं यायला अजून सात महिने होते. धार तशीच सोडून मी म्हातारीकडं गेलो.

"आवं, मग बोला की तिच्यासंगं," म्हातारी म्हणाली.

"काय बोलू?"

"चुकलं म्हना."

"कोंबडीच्या पिल्लापायी सुनंला चुकलं म्हनू व्हय?"

"मग नका म्हनू. पोराला फोन लावा आन सांगा, तुजी बायकू पिल्लामागं गेली."

चुकलं हा शब्द मी जन्मात उच्चारला नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी डालग्यापाशी जाऊन नुसता उभा राहिलो. सून पिल्लांना पाणी ठेवत होती. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "मामा, वरनं हात नगं. घार वरनंच येती."

सहा महिन्यांतलं तिचं पहिलं लांब बोलणं ते.

मी गोणपाट टाकून खाली बसलो. गुडघे वाजले तशी पिल्लं डालग्याच्या पलीकडच्या कडेला पळाली. तिनं माझ्या तळव्यावर भिजवलेली बाजरीची कणी ठेवली आणि हात जमिनीला टेकवून ठेवायला सांगितला. बोटं हलवायची नाहीत. टक लावून बघायचं नाही. "ती ती ती" म्हणायचं, पण हळू.

"ह्येच हळू हाय माजं," मी म्हणालो.

"ह्याच्याबी खाली, मामा."

तो सोमवार असाच गेला. मंगळवारी हाताला मुंग्या आल्या, पिल्लू आलं नाही. बुधवारी एक तपकिरी पिल्लू बोटापर्यंत आलं, माझ्या नखाला टोचून गेलं. म्हातारी ओट्यावरून बघत होती. "माजं लगीन झालं तवा असं बसला असता तर बरं झालं असतं," म्हणाली. शुक्रवारी दोन पिल्लं तळव्यावर चढली. त्यांच्या पायांची नखं आणि पोटाची ऊब हाताला लागली, आणि एवढी वर्षं कोंबड्या पाळून ही ऊब मला ठाऊकच नव्हती. शनिवारी मी डालगं उचलून ठेवलं. आठही पिल्लं मोकळी हिंडली आणि हाकेला परत आली. सून म्हणाली, "जमलं तुमाला." मला लेफ्टनंट केल्यासारखं वाटलं.

तरी रविवार आला. व्याही येणार म्हणून मी कोशा फेटा बांधला. पाहुणे आले, पाणी झालं, चहा झाला. तिची पिशवी आत भरून ठेवलेली मला दिसत होती. काय बोलावं कळेना, म्हणून मी म्हणालो, "चला पाव्हणं, पिल्लं दावतो. मी मानसाळवल्यात."

खाली बसलो, तळवा टेकला, "ती ती ती" केलं. पिल्लांनी त्या फेट्याकडं एकदा बघितलं आणि सगळी उसाच्या दिशेनं सुटली.

सून दारातून पळत आली. "मामा, फेटा. फेटा काडा."

पोरीचा बाप व्याह्यापुढं पागोटं उतरतो, हे बघत मी म्हातारा झालो. पोराच्या बापानं व्याह्यापुढं डोकं उघडं केलेलं आमच्या गावात कुणी बघितलं नसेल. मी तसाच बसलो. पिल्लं पहिल्या सरीच्या तोंडाशी गेली होती.

"आवं, काडा की," म्हातारी म्हणाली. "का मुंगसाला आवतन धाडताय?"

मी फेटा काढून मागं ठेवला. टक्कल उन्हाला आलं. हात पुन्हा जमिनीला टेकवला आणि सुनेनं शिकवला तेवढा आवाज खाली नेला. आधी तपकिरी आलं. मग एकेक करत बाकीची. सून पाठीमागं उभी राहून मोजत होती. आठ झाली तेव्हा ती हसली, मोठ्यानं. आमच्या घरात तिचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

हातावर पिल्लं होती, त्यामुळं मला मान वर करता येत नव्हती. तेच बरं झालं. खाली बघूनच मी म्हणालो, "पाव्हणं, ही नऊ व्हती. नववं माज्या हातानं मेलं. पोरीला वाईट वाटलं, आन मी वर तोंड करून बोललो. चुकलं माजं."

व्याह्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती गुडघ्यावर ठेवून माझ्या शेजारी मातीत बसले. त्यांनीही तळवा टेकला. त्यांच्या हातावर एकही पिल्लू गेलं नाही.

"आप्पा, तुमाला चार दिस लागतील," सून म्हणाली.

"मग तू चल की घरला, तितं शिकीव."

"आन ही कुनी बघायची? मामांचा आवाज अजून वर जातोय." ती थोडी थांबली. "मोटी झाली की येईन मी. ऱ्हाऊन येईन."

व्याही दुपारच्या गाडीनं एकटेच गेले. त्यांच्या पिशवीत म्हातारीनं गूळ घातला.

सून माहेरी गेली ती दिवाळीत, आठ दिवसांसाठी. रोज सकाळी फोन करायची आणि मला विचारायची, "मामा, पिल्लं आली का हाकंला?" पिल्लं कसली, तोवर अंड्याला आलेल्या तलंगा होत्या. मी फोन खाली जमिनीवर धरायचो. तिचा आवाज ऐकून त्या फोनला टोचायच्या.

फेटा आता ट्रंकेत आहे. पोरगं आलं की बांधीन. पण परसात जायचं झालं तर अजून उघड्या डोक्यानं जातो, पायांची चाहूल देत, हात खाली ठेवून. सून स्वयंपाकघरातून बघत असते. तिचे उपकार आहेत माझ्यावर, हे मी तिला सांगितलेलं नाही. पण ती आता ताट वाढताना माझ्याशी भांडते, मीठ कमी खा म्हणून. आवाज चांगला मोठा काढते.