आतल्या पानावरचा पोपट

आदिलाबाद आंध्र प्रदेशात होतं त्या काळात मी तिथे एका कॉलेजात ग्रंथपाल होते आणि ग्रंथपालांच्या संघाची जिल्हा प्रतिनिधीही. संघाने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या वाचनालयांचा इतिहास इंग्रजीत छापायचं ठरवलं आणि माहिती जमवायचं काम प्रतिनिधींवर टाकलं. मी ते फार मनापासून केलं. माझा राग समजायचा असेल, तर हे तुम्हाला आधी कळायला हवं.

माझ्या यादीत एक मराठी वाचनालय होतं. निजामाच्या राज्यात चार तरुणांनी ते सुरू केलं होतं. त्यांतले तिघे गेले होते. उरलेले काका स्वतःच्या मळ्यातली वांगी-मिरच्या घेऊन बाजारात बसत. वाचनालयाची पुस्तकं आणि प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक लिहिलेली दाखल नोंदवही त्यांनी लाकडी पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून जपली होती. पेटी माझ्या स्वाधीन करताना त्यांनी एकच अट घातली.

"बाई, त्या इतिहासात आमचं वाचनालय आलं पायजे. मंग मी डोळे मिटायले मोकळा. तोवर वांगे विकतो."

पुस्तकं तपासताना पहिल्या पानावर कुठेच शिक्का दिसेना. मात्र प्रत्येक पुस्तकाच्या पंचविसाव्या पानावर एक लहानसा पोपट उमटलेला होता आणि त्याखाली क्रमांक.

"काका, वाचनालयाचं नाव काऊन नाही घातलं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"नाव घालून पयल्या पानावर मारलं असतं, त पुस्तकाच्या आदी आमीच आत गेलो असतो! मराठी वाचनालयाले परवानगी कोन देत होतं? निर्मल गावच्या खेळणेवाल्याकडून पोपटाचा ठसा कोरून आनला. शिपायानं पायला तरी म्हनन, पोट्ट्यायचा खेळ हाय."

पोपटाखालचे क्रमांक मी नोंदवहीशी एकेक करून ताडून पाहिले. सगळे जुळले. टिपण आणि नमुन्याची चार पुस्तकं हैदराबादला संघाच्या इतिहास समितीकडे पाठवली. समितीचं उत्तर आलं, की पहिल्या पानावर शिक्का नाही, सबब हा खासगी संग्रह समजावा.

आता ऐका. चोराने पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखता यावं म्हणून प्रत्येक वाचनालय आतलं एक पान ठरवून त्यावरही शिक्का मारतं. हे आमच्या धंद्यातलं पहिल्या आठवड्यात शिकायचं काम. समितीत झाडून सारे ग्रंथपाल, आणि एकालाही आतलं पान उघडावंसं वाटलं नाही! टिपणात मी पानाचा आकडा दिला होता तरीही.

मी नोंदवही घेऊन स्वतः हैदराबादला गेले. समितीच्या सचिवांसमोर नमुन्याच्या एका पुस्तकाचं पंचविसावं पान उघडून धरलं.

"अम्मा, हा तर पोपट आहे," ते इंग्रजीत म्हणाले. टेबलाभोवतीचे हसले. "संस्थेचं नाव कुठे आहे?"

"ते का नाही, हाच तर इतिहास आहे. नोंदवही पाहा."

"ही मराठीत आहे. आम्हाला कोणाला वाचता येत नाही."

"मी इंग्रजीत सांगते."

"वेळ नाही, अम्मा. जेवणं खोळंबली आहेत."

त्या लोकांचं जेवण खोळंबलं होतं! चार पोरांनी तुरुंगाची भीती उशाशी घेऊन पुस्तकं वाटली, आणि ती गोष्ट वरण-भात थंड होण्याच्या भीतीने निकालात निघाली. मी नोंदवही उचलली आणि परत आले.

इतिहासाचं पुस्तक छापून आलं. आमच्या जिल्ह्याच्या पानावर एक ओळ होती, 'काही मराठी कुटुंबांकडे खासगी पुस्तके असत.' आणि शेवटी माझे आभार! म्हणजे या खोट्याला माझीही साक्ष.

काकांनी विचारलं, "आलं?"

"नाही आलं," मी म्हणाले.

त्यांनी मिरच्यांवर पाणी शिंपडलं. मग म्हणाले, "तुमी त खरं लिहिलं होतं न?"

जिल्ह्यात निर्मल, उटनूर, नार्नूरकडे वाटायच्या सगळ्या प्रती माझ्याकडेच आल्या होत्या. मी कॉलेजच्या टाइपरायटरवर इंग्रजीत शुद्धिपत्र केलं. त्यात वाचनालयाची हकीकत, पोपट, पानाचा आकडा, नोंदवही कुठे पाहता येईल ते सगळं घातलं, खाली सही केली आणि प्रत्येक प्रतीत त्या खोट्या ओळीसमोर ते चिकटवलं. मगच प्रती रवाना केल्या. काकांना मी ते मराठीत सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं आणि शुद्धिपत्राचा एक कागद घडी न घालता घरी नेला.

महिन्याभरात संघाचं पत्र आलं. मी प्रकाशन विद्रूप केलं होतं म्हणे. शुद्धिपत्रं काढून माफी मागावी, नाहीतर सदस्यत्व रद्द. मी तीन ओळींचं उत्तर पाठवलं. चूक कोणती ते दाखवा, मी माझ्या हाताने कागद काढीन. चूक कोणी दाखवली नाही. सदस्यत्व मात्र गेलं. त्याचं मला वाईट वाटलं, फार वाटलं, कारण तो संघ मला माझा वाटत होता. माफी मी मागितली नाही.