दोन राज्यांचे मामा

जगातलं कोणतंही भांडण टेबलाभोवती बसून मिटवता येतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला माहीत आहे. ते माझे मामा. बिलोली तालुक्यात, तेलंगणाच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. माझ्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातला शेजारी देशांच्या परिषदेवरचा धडा मी एकदा त्यांना वाचून दाखवला, ती चूक माझीच. "देशच्या देश एका टेबलाला बसतात, मग आपल्याला काय धाड भरली?" म्हणत त्यांनी पलीकडच्या गावाला सोबत घेऊन 'दोन राज्य विकास परिषद' काढली. टेबलाचे दोन पाय महाराष्ट्रात, दोन तेलंगणात, म्हणजे कुणीच कुणाचा पाहुणा नाही. चहा आमचा, बिस्किटं त्यांची. संयुक्त निवेदन बैठकीआधीच तयार. पुस्तकातला नियमही त्यांनी जसाच्या तसा उचलला: एकानंही नको म्हटलं, की ठराव रद्द.

त्या नियमानंच आम्हाला अडवलं. माझ्या धाकट्या बहिणीला पलीकडच्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पण तिकडची बस हद्दीच्या तीन किलोमीटर आधीच माघारी फिरायची. "बस हद्दीपर्यंत आली तर जाईल, न्हाईतर न्हाई," बाबांनी सांगून टाकलं. डेपोवाले म्हणाले, गाडी वळवायला जागा द्या. जागा एकच, पलीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं खळं. ते म्हातारे भर परिषदेत तेलुगूत "वद्दू!" म्हणून उठले. नको म्हणजे नको. कारण ठरावात आमच्या गावाचं नाव आधी होतं.

"एकच माणूस हाय, मामा. नियम सोडा की," मी भीतभीत म्हणालो.

"आज त्यांना सोडलं, उद्या तुला सोडतील. गप बस."

मग रोज सकाळी गिरणी बंद ठेवून मामा म्हाताऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसू लागले. बाराव्या दिवशी म्हातारे वैतागले. "गिरणीवाल्या, तुला दुसरं काम न्हाई का रे?"

"लई हाय. तुमची सही झाली की लागतो कामाला." मामांनी ठरावाच्या दोन प्रती पुढे केल्या. त्यांच्या प्रतीत त्यांचं गाव आधी, आमच्या प्रतीत आमचं. थांब्याच्या फलकालाही तशाच दोन बाजू. मराठी वाचता येत नसूनही म्हाताऱ्यांनी दोन्ही कागद चष्म्याजवळ धरून तपासले, आणि सही केली.

पहिल्या दिवशी बस खळ्यात वळली. बहीण चढली. मामा मागच्या काचेकडे बघून हात हलवत राहिले, पण तिचा चेहरा काही दिसला नाही.

"पुढचं सीट मिळालं वाटतं," ते म्हणाले.

धूळ खाली बसली, तरी घरी चला असं आमच्यापैकी कुणीच म्हणालं नाही.