क्वचित येणाऱ्यांचा रविवार

आमच्या जालन्याच्या चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आले आणि त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यातला एक रविवार फक्त नाताळला उगवणाऱ्या लोकांसाठी ठेवू. भक्ती, म्हणजे रविवारची उपासना, तासाभरात आटपायची, प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची, प्रार्थना सोप्या मराठीत छापून हातात द्यायच्या. नेहमीच्या मंडळींनी प्रत्येकी एक माणूस आणायचा.

माझा माणूस घरातच होता. बाबा. अंकुशनगरला साखर कारखान्यात नोकरीला होते तेव्हा दर रविवारी आईबरोबर एसटीनं चर्चला यायचे. आई गेली आणि मग नाताळ तेवढा उरला. मी भीतभीतच विचारलं.

"येतो की," पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले.

त्या रविवारी दारात स्वागताला एक तरुण बाई गुलाब घेऊन उभी होती. ती शहरात नवी.

"पहिल्यांदाच आलात का काका? काही काळजी करू नका, आम्ही सगळं सांगतो."

बाबांनी गुलाब घेतला. "पोरी, ही चौकट बसवली तवा मी खालून धरून उभा होतो."

आत पाळकसाहेब खरोखरच सगळं सांगत होते. आता आपण उभे राहू, उभं राहणं म्हणजे आदर. आता बसू. बाबांच्या शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ होते, तेही सुनेनं आणलेले. ते हळूच म्हणाले, "श्वास कवा घ्यायचा तेबी सांगतील का?" बाबांचे खांदे हलायला लागले. मी कोपर मारलं.

मग प्रभूची प्रार्थना आली. आम्ही नेहमीची मंडळी कागदावरचं सोपं मराठी वाचू लागलो. पाहुण्यांनी मात्र डोळे मिटले आणि लहानपणी पाठ केलेली जुनी प्रार्थना खड्या आवाजात सुरू केली. दोन ओळींतच सगळा गोंधळ झाला. आमच्यातले काही गप्प झाले, काही कागदावर बोट फिरवत राहिले. पाळकसाहेब स्वतःच मध्येच जुन्या प्रार्थनेवर गेले. आमेन येईपर्यंत कागद वाचणारी मी एकटीच उरले होते.

बाहेर चहा घेताना पाळकसाहेबांनी बाबांना विचारलं, "काही अवघड गेलं का?"

"बिलकुल न्हाई. पण तुमच्या रोजच्या लोकांचं पाठांतर कच्चं दिसून राह्यलं."

पाळकसाहेब चहा सांडेपर्यंत हसले.

परतताना रिक्षात मी विचारलं, "इतकी वर्षं का येत नव्हता, बाबा?"

"तुझी आई म्हणायची, चला. ती गेल्यावर कुणी म्हणलंच न्हाई."

मला वाटायचं, त्यांना नको असेल. म्हणून मी दर रविवारी त्यांची झोपमोड न करता, चपला हातात घेऊन घराबाहेर पडायची.

आता बाबा गुडघे फार दुखले तर घरी राहतात, नाहीतर येतात. उपदेश लांबला की बसल्या जागी डुलकी काढतात. मी उठवत नाही.